आबा तीसपावले

मराठीत सातपुते आहेत, दशपुत्रे आहेत, सहस्रबुद्धे तर पुण्यात गल्लोगल्ली. पण तीसपावले हे आडनाव अख्ख्या महाराष्ट्रात एकाच माणसाचं आहे आणि तेही त्याच्या रेशनकार्डावर नाही. ते गावानं दिलं. गाव आमचं कुडाळ तालुक्यातलं, सपाटीचं भात संपून सह्याद्रीची चढण लागते तिथलं. माणूस म्हणजे माझ्या आईचे काका, पण सगळ्या वाडीचे आबा. आबांकडे एक ठासणीची बंदूक आहे आणि तीस पावलांच्या पलीकडे उभ्या असलेल्या कशावरही ती झाडायची नाही, असा त्यांचा नेम आहे. मराठीत नेम म्हणजे निशाणही आणि व्रतही. बहुतेक शिकाऱ्यांचा पहिला चांगला असतो. आबांचा दुसरा.

वाडीला आबांची ओळख कानांनी आहे. भात पोटरीला आलं की आबा रात्री शेतातल्या माळ्यावर जाऊन बसतात आणि सकाळी साडेसहाला एक बार होतो. नव्या माणसाला वाटतं, डुक्कर पडलं. जुन्या माणसाला ठाऊक असतं की ज्या अर्थी सकाळी बार झाला त्या अर्थी रात्री झालाच नाही. ठासणीच्या बंदुकीत बार एकदा भरला की बाहेर काढायचा सोपा मार्ग एकच, तो उडवायचा. काडतुसासारखा उघडून खिशात घालता येत नाही. म्हणून रात्रभर भरलेली बंदूक मांडीवर घेऊन बसलेले आबा सकाळी खाली उतरतात आणि बांधाच्या मातीत ती रिकामी करतात. तो आवाज आला की पोरं दात घासायला उठतात आणि चुलीपुढची बाई चुलीलाच सांगते, "आज पण इलो नाय टप्प्यात." गेल्या पन्नासेक वर्षांत सकाळी बार झाला नाही असे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या दिवशी निम्मी वाडी उशिरा उठली.

हल्ली राजकारणातली माणसं 'टप्प्यात आला की कार्यक्रम करतो' असं म्हणतात. टीव्हीवर हे वाक्य लागलं की आबा हातातला अडकित्ता खाली ठेवतात. "ह्येंका टप्पो म्हंजे काय ता ठाऊक आसा? टप्प्यात इल्यार बार काढतत, बरा. पण टप्पो आधी मोजलो कोणी?"

आबांनी मोजला आहे. त्यांच्या माळ्याभोवती चुना फासलेले बारा दगड गोलात मांडलेले आहेत. काळोखात ते पिठुळ दिसतात. माळ्यापासून प्रत्येक दगड बरोब्बर तीस पावलांवर. डुक्कर दगडांच्या बाहेर असेल तोवर ते रानातलं जनावर. आत आलं की मग विचार करायचा. विचार करायचा म्हणजे मारायचं नव्हे. ते अंगावर आडवं उभं हवं, मागं दुसरं पिल्लू नको, मध्ये भाताची ताटं नकोत, आणि आबांना खोकला आलेला नको. इतकं सगळं जुळून येईपर्यंत डुकराचं जेवण होतं आणि ते हात धुवायला व्हाळावर निघून जातं.

बंदूक आबांच्या वडिलांची. केपाची. लांब नळी, घोड्याला जुन्या माणसाच्या नाकासारखा बाक, दस्त्याला एका जागी तांब्याची पट्टी. आबा ती भरतात तेव्हा मुंजीत बसल्यासारखं बघत राहावं लागतं. आधी बांबूच्या नळकांड्यानं मोजून दारू. ही दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. कोकणच्या हवेत हिला लगेच सर्दी होते, म्हणून आबा तिचा डबा तांदळाच्या कणगीत पुरून ठेवतात. दारूवर काथ्याचा बोळा, तो गजानं ठासायचा. मग शिशाची गोळी. वर आणखी एक बोळा, पुन्हा गज. सगळ्यात शेवटी, माळ्यावर चढून मांडी घातल्यावर, निप्पलवर केप. एवढ्याला एक विडी पुरी ओढून होते. "म्हंजे डुकराक दुसरो बार मारूचो तर तेका सांगूक होया," आबा म्हणतात, "बाबा रे, एक विडी थांब."

आता इथं तुम्ही विचाराल की बंदुका बदलल्या, जग चंद्रावर गेलं, आबा अजून ठासतायत कशाला? त्याचं एक कारण कायद्यात आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात शेतीच्या राखणीसाठी म्हणून जी बंदूक नाव घेऊन लिहिली आहे ती हीच, तोंडातून ठासायची. आबांचा परवानाही शेतीसंरक्षणाचा. राखण करता येते. शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचं तर अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो आणि त्या हुकमात कारणंही लेखी द्यावी लागतात. आबांना या तरतुदीचं फार कौतुक. "डुकराक मारूचा तर सरकार कारण लिवन देता. माणूस मरता तेव्हा कोणी देता काय?" गेल्या खेपेला त्यांच्या अर्जावरचा हुकूम हातात पडला तेव्हा भात झोडून कणगीत गेलं होतं. आबांनी तो नीट घडी घालून ठेवला. डुकराला कळवायचं राहून गेलं.

दुसरं कारण आबा स्वतः सांगतात, आणि ते सांगताना त्यांना बंदुकीचा अभिमान नसतो, बंदुकीची दया असते. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीहून जराशी बारीक. ती सुटते तेव्हा सरळ येत नाही. गोठ्यातून निघालेली म्हैस जशी दाराच्या दोन्ही बाजूंना अंग घासत येते तशी नळीला थडकत येते, आणि शेवटचं अंग ज्या बाजूला घासलं त्याच्या उलट बाजूला जाते. वर गोळी गोल. गोल वस्तू हवेत लवकर दमते. सुटतानाचा वेग शंभर यार्डांवर दोन-तृतीयांशसुद्धा उरत नाही, आणि मार वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं घटतो, म्हणजे निम्म्याहून खाली. हा हिशोब मी आबांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद चष्म्यावर धरला, चष्म्याखाली धरला आणि परत दिला. "ह्यां तू आता शिकलंस. डुकराक आधीच ठाऊक आसा."

मी हार मानली नाही. कर्नल जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रजाचं १८१४ सालचं मत त्यांना सांगितलं. त्याचं म्हणणं, शिपायाच्या साध्या बंदुकीनं ऐंशी यार्डांवरचा माणूस टिपला जाईल, फार तर शंभरावरचा. पण दोनशेवरच्या माणसावर गोळी झाडणं आणि चंद्रावर झाडणं सारखंच. मला वाटलं आबा खूष होतील. आबा विचारात पडले. "चंद्र बरो," ते म्हणाले. "तो जाग्यार तरी ऱ्हवता. आणि लागलो नाय तर जखमी होवन रानात जायना."

मग तीसच पावलं कुठून आली? त्याचा शोध मला स्वयंपाकघरात लागला. आजींच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, मांडणीत अल्युमिनियमच्या ताटल्या होत्या आणि त्यातली एकही रस्सा धरत नव्हती. प्रत्येकीला भोक. दर दसऱ्याला आबा एक ताटली मागून नेतात, फणसाच्या बुंध्याला टांगतात आणि पावलं मोजून पाच बार काढतात. डुकराच्या पुढच्या पायामागं, काळीज आणि फुप्फुस असतं ती जागा साधारण ताटलीएवढी. पाचही गोळ्या ताटलीला लागल्या तर ते अंतर आपलं. चार लागल्या तर पाच पावलं पुढं यायचं.

"पण आबा, पाचात चार म्हणजे ऐंशी टक्के. बोर्डात डिस्टिंक्शन मिळतं."

"पाचवी खंय गेली?"

"ताटलीबाहेर."

"ताटलीभायर म्हंजे खंय? पोटात. जबड्यात. मागच्या पायात. ताटलेक भायर नसता. डुकराक आसता."

आजींचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात, दया जनावराची करायची तर ती स्वतःच्या भांड्यांवर करावी, माझ्या माहेरच्या नको. भोकं पडलेल्या ताटल्या त्यांनी शेवटी माळ्यावर दोरीनं टांगायला दिल्या. वाऱ्यानं त्या एकमेकींवर आपटतात आणि जनावरं बिचकतात. म्हणजे आबांच्या बंदुकीनं खरी राखण केली ती अशी.

माणसाला एकदा टप्प्याचं वेड लागलं की ते बंदुकीपाशी थांबत नाही. पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून मासेवाली "बांगडे घेवक होये काय?" असं ओरडली तर आबा उत्तर देत नाहीत. टोपली पायरीवर टेकली, वरचं पान बाजूला झालं, की मगच भाव. कुणी विचारलं, अमक्याचा मुलगा मुंबईत कसा आहे, तर आबा म्हणतात, "पाचशे किलोमीटरवरसून काय सांगू?" फोनवर ते भांडत नाहीत. एकदा आमचं जमिनीच्या वाटणीवरून फोनवर जरा वाजायला लागलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "झिला, तू टप्प्याभायर आसस. गणपतीत ये, मगे बघूया," आणि फोन ठेवला. गणपतीत गेलो. समोरासमोर बसलो. मला भांडता येईना.

यातला कावा मला उशिरा कळला. कोकणातलं भांडण मुळात लांबून करायचं असतं. या बांधावर एक, त्या बांधावर दुसरा, मध्ये सगळी वाडी ऐकायला. आबांचे चुलतभाऊ आपल्या बांधावर उभे राहून हद्दीच्या माडावरून बोंब मारायला लागले की आबा उत्तर न देता चालायला लागत. चालत चालत जाऊन हातभर अंतरावर उभे राहत आणि हळू आवाजात विचारत, "काय म्हणतंस?" इतक्या जवळच्या माणसाला ओरडून सांगता येत नाही आणि हळू सांगण्यासारखं तर त्यात काही नसे. त्या माडाचा दावा दोन पिढ्या कोर्टाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आला आहे.

लग्नही तसंच जमलं. आजी सांगतात, "मी चा घेवन भायर इलंय. ह्येनी माज्याकडे बघूक नाय. खाली बघून बोटां मोडी होते."

"म्हणजे?"

"पावलां मोजी होते मेले. दारापासून खुर्चीपर्यंत."

"किती निघाली?"

"चार. मगे वर बघितल्यानी आणि होय म्हणाले."

या सगळ्या विनोदाच्या मुळाशी १९६८ सालची एक रात्र आहे. ती आबा क्वचित सांगतात, आणि सांगताना अडकित्ता चालू ठेवतात, म्हणजे आपण त्यांच्या तोंडाकडे न बघता सुपारीकडे बघावं. त्या वेळी आबा एकवीस वर्षांचे, शिकारीला आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि सोबतीला गावचे दोन मित्र. कोजागिरीनंतरचं चांदणं. डुक्कर दिसलं ते लांब, वरकस जमिनीच्या टोकाला. मित्र म्हणाले, बापाची बंदूक आहे, बापाला विचारून मारतोस काय? आबांनी बार काढला. काळ्या दारूचा धूर असा की सोडणांची धुरी घातल्यासारखं सगळं पांढरं होतं. मारणाऱ्यालाच शेवटपर्यंत कळत नाही काय झालं. त्या पांढऱ्याच्या आतून किंकाळी आली. धूर विरला तेव्हा तिथं काही नव्हतं. सकाळी गवतावर रक्त मिळालं, ते व्हाळापर्यंत गेलं आणि पाण्यात संपलं. आबा तीन दिवस रानात फिरले. मित्र पहिल्या दुपारीच जेवायला गेले.

"मेला काय जगला, माका आजून ठाऊक नाय," आबा म्हणाले. "परत येवन पावलां मोजली. बासष्ट. बंदूक थंयसर पोचली. मी पोचूक नाय."

तेव्हापासून त्या वरकसाच्या टोकाला, दगडांच्या गोलाच्या बाहेर, आबा रताळ्यांचा एक वाफा लावतात आणि त्याची राखण करत नाहीत. डुकरं तो दरवर्षी उकरून नेतात. आजी त्याला 'तुमचो हप्तो' म्हणतात. मी एकदा विचारलं, मुद्दल कधी फिटणार? आबांनी सुपारी पुढं केली.

माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याच्या शेजारी एक म्हातारा आहे, हाडाचा शिकारी. त्या राज्यात १९७४ पासून नाताळानंतर हरणांचा एक खास हंगाम असतो आणि त्यात फक्त गारगोटीची बंदूक चालते. म्हणजे आबांच्या केपाच्याही आधीची: चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटणार, ठिणगी कानातल्या रंजकावर पडणार, ती फुरफुरणार आणि मग कुठं आतला बार पेटणार. एवढ्यात हरणानं मान फिरवली तर गोळी जिथं हरिण होतं तिथं जाते. मावसभावानं एका रविवारी दोघा म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसवलं. इकडं रात्र, तिकडं सकाळ. आबा बंदूक घेऊन बसले. तोही बंदूक घेऊन बसला. दोन देशांच्या परराष्ट्र खात्यांनी हे पाहिलं नाही हे बरं झालं.

पहिलाच प्रश्न आबांनी घातला. "टप्पो किती?"

मावसभावानं विचारून सांगितलं, "पन्नास यार्ड म्हणतायत. त्यांच्या बंदुकीच्या नळीत आतून आटे आहेत, त्यामुळं गोळी फिरत जाते."

आबांनी पावलांत हिशोब केला, ओठ मुडपले आणि म्हणाले, "तेका विचार, ताटलेर मारतास काय?"

म्हातारा हसायला लागला. उठून आत गेला आणि कागदाची ताटली घेऊन आला. तिला भोकं होती. पाच. आबांनी स्क्रीनजवळ डोळे नेऊन ती मोजली. मग आजींना हाक मारली, "गो, हंय ये. बघ. तेची बायल कागदाची देता."

पुढं कळलं की तिकडं आता नव्या तऱ्हेच्या ठासणीच्या बंदुका निघाल्या आहेत. वर दुर्बीण, आत लांबुळकी गोळी, आणि विकणारे दोनशे यार्डांच्या गोष्टी करतात. अमेरिकन म्हातारा त्यावर काही तरी बोलला आणि मावसभाऊ त्याचं मराठी करायला लाजला. आबा म्हणाले, राहू दे, कळलं. "पायी वारी करूची म्हणान निघाचा आणि आळंदीक टॅक्सी करूची, तसां ता." आणि शेवटी त्यांनी मनातलं विचारलं: तिकडं निवडणूक लागली की बंदूक जमा करतात काय? नाही म्हटल्यावर मात्र आबा त्या म्हाताऱ्याकडे पहिल्यांदाच असूयेनं बघत राहिले.

कारण हे त्यांचं खरं दुखणं. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा झाली, विधानसभा येते; ती झाली, जिल्हा परिषद. आबांच्या मते लोकशाहीवर सर्वात जास्त निष्ठा डुकरांची आहे, कारण आचारसंहितेचा काळ त्यांनाच पाठ असतो. बंदूक न्यायला आबा धुतलेला सदरा घालतात. पोत्यात गुंडाळलेली बंदूक आडवी धरून, घरचं लहान मूल इस्पितळात न्यावं तसे निघतात. ठाण्यात ती कपाटाला टेकवून ठेवली की आबा बाकापासून कपाटापर्यंत चालून बघतात. एकदा हवालदारानं विचारलं, आजोबा, काय मोजताय? आबा म्हणाले, "कायेक नाय. अकरा." पावती घेतली आणि निघाले.

गेल्या आश्विनात मी गेलो तेव्हा दोन बातम्या होत्या. एक, निवडणूक नव्हती. दोन, लेखी हुकूम चक्क वेळेवर आला होता. भात शेतात उभं होतं आणि कागद आबांच्या सदऱ्याच्या खिशात. एक मोठा एकुलगा, म्हणजे कळप सोडलेला एकटा नर, रोज रात्री येऊन अर्धा कुणगा लोळवून जात होता. वाडीची सगळी आशा आबांवर, आणि ती किती पावलांवर टिकते हे वाडीला ठाऊक.

दुपारी मी दगड बघितले आणि चमकलो. लहानपणी मी टेप लावून मोजलं होतं: माळा ते दगड, पंच्याहत्तर फूट. आता पुन्हा टेप लावला. पंचेचाळीस.

"आबा, दगड आत आलेत."

"तीस पावलांच आसत. दर दसऱ्याक मोजतंय."

"तुमचं पाऊल आखूड झालंय. म्हणून दगड जवळ येतायत."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सांगतोय की सूर्य पूर्वेला उगवतो. "मगे? डोळे काय लांब झाले?"

ताटलीची परीक्षा मात्र गेले दोन दसरे झाली नव्हती. माहेरची शेवटची ताटली आजींनी कपाटात कुलपात ठेवली होती.

त्या रात्री मी माळ्यावर सोबतीला होतो. आबांनी बार भरला, केप लावली, मांडी घातली. भोकांच्या ताटल्या आजींच्याच आवाजात कुरकुरत होत्या, म्हणून आबांनी त्या दोरीनं बांधून गप्प केल्या. दोनच्या सुमाराला भाताची सळसळ झाली. काळोखाचा एक तुकडा काळोखाहून काळा झाला, दगडांपर्यंत आला, थांबला, आणि एका दगडाला नाक लावून आत आला. मी श्वास धरून मनातल्या मनात पावलं मोजली. आबांच्या पावलांनी पंचवीस. आडवा उभा. मागं काही नाही. मध्ये भात नाही. आबांना खोकलाही नव्हता. घोडा वर गेल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

मग काहीच नाही. नळीच्या टोकाची माशी चांदण्यात चमकत होती आणि ती एका जागी नव्हती. डासासारखी फिरत होती. एकुलगा चवीनं खात होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. सुपारी कातरून होईल एवढा नक्की. आबांनी अंगठ्यानं घोडा हळूच खाली आणला, केप काढून खिशात हुकमाच्या कागदाशेजारी ठेवली, बंदूक बाजूला केली, गज उचलला आणि टांगलेल्या ताटल्यांवर असा हाणला की मीच माळ्यावरून पडायचा. एकुलगा भात तुडवत वरकसाकडे गेला. रताळ्यांच्या वाफ्याकडेच असावा.

मला राग आला. रात्रभर मच्छर खाल्ले ते कशासाठी, कागद खिशात, जनावर दगडांच्या आत, सगळं टप्प्यात! आबा विडी पेटवायला माळ्यावरून उतरून दारूपासून लांब गेले आणि तिथून परत आलेच नाहीत. खालीच बसून राहिले.

फटफटलं तेव्हा ते घरी गेले आणि कुलपातली ताटली घेऊन आले. मागोमाग आजी खळ्यापर्यंत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आबांनी ताटली फणसाला टांगली, मागं बांध. तिथून मोजत निघाले. एक, दोन, तीन, फरफटती, दीड-दीड फुटांची पावलं. पंचवीसवर थांबले, वळले. केप लावली. या खेपेला वेळ घेतला नाही.

साडेसहाला बार झाला. वाडीत कुठल्या तरी चुलीपुढं नेहमीचं वाक्य बोललं गेलं असणार.

धूर विरायला वेळ लागला. ताटली होती तशी टांगलेली होती, साधी हलतही नव्हती. तिच्या डाव्या अंगाला हातभर लांब बांधाची माती घसरून खाली येत होती. आबा तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मी आबांकडे बघणं टाळलं. रात्रीचा माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

"गेली काय माजी ताटली?" खळ्यातून आजी ओरडल्या.

"नाय गो," आबांनी ओरडून सांगितलं. माझ्या माहितीत आबा पंचवीस पावलांवरून कुणाशी बोलले ते पहिल्यांदाच. "वाचली."

बंदूक पुसून, पोत्यात गुंडाळून त्यांनी दाराआड उभी केली. सोमवारी परवान्याचा कागद घेऊन ठाण्यात जायचं म्हणाले. निवडणूक कुठली, असं मी विचारलं नाही. दुपारी आजींनी त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं, त्याच ताटलीत, काठोकाठ. आबांनी ताटली दोन्ही हातांनी उचलून खालून बघितली आणि जेवायला लागले. थेंब सांडला नाही.